काटा वीसवर

भवानी पेठ, सोलापूर
२० नोव्हेंबर १९७७

प्रिय ईरप्पा,

दाजींचा आशीर्वाद आधीच घेऊन ठेव, कारण पुढे सगळी कटकट लिहिली आहे. दिवाळीत आलास, चार दिवस बहिणीच्या हातचं खाऊन अंगावर मूठभर मांस चढवलंस आणि कुर्डुवाडीला गेल्यावर पोचल्याचं साधं कार्डही नाही. रेल्वेच्या कारखान्यातला फिटर रेल्वेनं सुखरूप पोचला की नाही, हे आम्ही कुणाला विचारायचं? सावित्री रोज काळजी करते. म्हणजे करत असावी. हल्ली ती फार हळू बोलते.

आता कामाचं. जीपवरच्या कर्ण्यामागचं, आवाज काढणारं युनिट पुन्हा जळालं. दसऱ्यापासून हे दुसरं. वीस वर्षं मी या गावात कर्णा बांधून फिरतोय. सिनेमा बदलला, उद्या नळाला पाणी नाही, अमक्याची म्हैस तमक्या रंगाची हरवली, हे सगळं सोलापूरला माझ्याच तोंडून कळतं. इतक्या वर्षांत माझ्या हातून युनिट जळालं नव्हतं. हल्ली माल हलका येतो, दुसरं काय.

आवाज लावायची आमची पद्धत तुला ठाऊक आहे. जीप दारात उभी करायची. सावित्री अँप्लिफायरच्या गेनच्या, म्हणजे आवाज वाढवायच्या बटणापाशी बसते, तबकडी लावते आणि बटण हळूहळू वाढवत नेते. मी कोपऱ्यावर बिरप्पाच्या पानाच्या ठेल्याशी उभा. आवाज पुरेसा झाला की मी हात वर करतो, मग ती थांबते आणि तिथे पांढऱ्या रंगाचा ठिपका देते. पूर्वी ती कोपऱ्यावर असायची आणि मी बटणाशी. दोन वर्षांपूर्वी जागा बदलल्या. बाईमाणसाला उन्हात कशाला उभं करायचं?

खरी काळजी संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेची आहे. हरवलेल्या माणसांची नावं पुकारायचं काम दहा वर्षं माझ्याकडे आहे. मराठीत एकदा, कानडीत एकदा. यंदा जत्रेची मंडळी म्हणतात, रविवारी ८ जानेवारीला होम मैदानावर आवाज ऐकवून दाखवा. अकलूजची एक नवी पार्टी मोठा सेट घेऊन आली आहे, तिचाही ऐकतील. मला, चनबसप्पाला, परीक्षा द्यायला लावतात.

कारण काय, तर दिवाळीआधीचा जनावरांचा बाजार. वळसंगची निंगव्वा नावाची म्हातारी मुलापासून चुकली. मी दुपारभर तिचं नाव पुकारलं. संध्याकाळी मुलाला ती सापडली कुठे? माझ्याच जीपच्या सावलीत, कर्ण्याखाली. म्हणे, "मला वाटलं कुणाची तरी भांडणं लागल्यात." बहिरी असणार म्हातारी. पण बोलणारे मला बोलले.

असो. तू विजेतला माणूस. युनिट का जळतात ते कळव. आणि एक, गिरणीचा भोंगा आता पूर्वीसारखा वाजवत नाहीत. सगळ्याच कामात ढिलाई आली आहे.

तुझा,
चनबसप्पा


रेल्वे क्वार्टर्स, कुर्डुवाडी
२७ नोव्हेंबर १९७७

ती. दाजी,

नमस्कार घ्या आणि राग सोडा. गाडी रुळांवरून घसरली असती तर तुम्हाला पेपरात वाचायला मिळालंच असतं, म्हणून कार्डाचे पैसे वाचवले. अक्काला सांगा, तिच्या शेंगाचटणीचा डबा इथल्या गार्डमंडळींनी दोन दिवसांत चाटून पुसून ठेवला.

युनिट जळतात कारण गेन जास्त आहे. अँप्लिफायरची ताकद पंचवीस वॉट. त्यापुढे बटण पिळलं तर आवाज वाढत नाही, फाटतो. तव्यापेक्षा मोठी भाकरी थापली तर कडा बाहेर लोंबून तुटतात, तसे शब्दांचे शेंडे तुटतात. लोकांना नुसती गुरगुर ऐकू येते आणि कर्ण्यातला पडदा तापून जळतो. त्यात माल बनवणाऱ्याचा काही दोष नाही.

हे कानानं लावायचं काम नाही, मीटरनं लावायचं. माझा मल्टिमीटर गार्ड महिपतीबरोबर पाठवतो आहे, मंगळवारी दुपारच्या पॅसेंजरला स्टेशनवर जा. सोबत मी तारेचं एक वेटोळं गुंडाळून दिलं आहे, ते सोळा ओहमचं, म्हणजे तुमच्या कर्ण्याइतकंच. आता नीट वाचा.

कर्ण्याच्या तारा काढा आणि त्यांच्या जागी वेटोळं जोडा, म्हणजे प्रयोगात युनिट मरणार नाही. वेटोळं तापेल, त्याला हात लावू नका. मीटर एसी व्होल्टवर ठेवून त्याच्या दोन्ही सुया वेटोळ्याच्या दोन टोकांना लावा. मग माइकसमोर एकसारखा सूर हवा. बोलण्यानं काटा नाचतो, तबकडीनंही नाचतो. मठातल्या भजनी मंडळाची सूरपेटी मागून आणा आणि तोंड असतं तेवढ्या अंतरावर, बोलता तेवढ्याच जोरात, अक्काला ती धरून वाजवू द्या. गेन अगदी खाली आणा आणि हळूहळू वाढवा. पंचवीसला सोळानं गुणलं की चारशे, चारशेचं वर्गमूळ वीस. काटा वीस व्होल्टवर आला की थांबा. तिथे ठिपका द्या आणि त्या ठिपक्यापुढे जायचं नाही, साक्षात सासरेबुवा येऊन म्हणाले तरी.

तुमचा जुना ठिपका मीटरवर किती दाखवतो तेही बघून कळवा. मला उत्सुकता आहे.

तुमचा मेहुणा,
ईरप्पा


भवानी पेठ, सोलापूर
६ डिसेंबर १९७७

प्रिय ईरप्पा,

तुझं मीटर मिळालं. गार्ड महिपती सज्जन माणूस, चहा घेतल्याशिवाय गेला नाही. मीटर मात्र तुझ्यासारखंच निघालं.

पहिल्या दिवशी काटा हललाच नाही. सावित्रीनं अर्धा तास सूरपेटी वाजवली, गल्लीतल्या बायका भजन आहे समजून येऊन बसल्या, शेवटी प्रसाद म्हणून साखर वाटावी लागली. मग लक्षात आलं की मीटरची चावी डीसीवर होती. ही चूक माझी, कबूल. दुसऱ्या दिवशी तू लिहिलंस तसं अक्षरन् अक्षर केलं. बटण वाढवत नेलं आणि काटा वीसवर आला. तिथे ठिपका दिला, हा बघ मी किती आज्ञाधारक. मग जुन्या ठिपक्यावर नेलं तर काटा तीसवर. वर तू म्हणतोस पंचवीस वॉटच्या सेटला वीसच्या पुढे जायचं नाही. म्हणजे दोन वर्षं मी सोलापूरला फाटका आवाज ऐकवतोय असा त्याचा अर्थ. तुला तरी पटतं का?

पण मी न्याय्य माणूस आहे. कर्णा परत जोडला, गेन तुझ्या वीसच्या ठिपक्यावर ठेवला, सावित्रीला तबकडी लावायला सांगून कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो. काहीच नाही. कर्ण्यात मुंगी बोलत असावी इतकंच. शेजारी बिरप्पासुद्धा निवांत पानाला चुना लावत बसला होता. असा आवाज घेऊन जत्रेत गेलो तर लोक मला हाकलतील. परत जुन्या ठिपक्यावर नेलं, तेव्हा कुठे आवाज झाला. परवा सिनेमाच्या जाहिरातीला तसाच फिरलो आणि सात रस्ता चौकात तिसरं युनिट गेलं.

तेव्हा तुझं मीटर बिघडलेलं आहे. रेल्वेचा माल, रेल्वेच्याच वेळेनं चालायचा. तुझ्या बहिणीला म्हटलं, बघ तुझ्या भावाची हुशारी. ती आत गेली आणि ज्वारी निवडत बसली. भावाविरुद्ध एक शब्द ऐकवत नाही तिला.

८ तारखेला महिना राहिला. नवं युनिट आणलं आहे, ते जाळायचं नाही. काहीतरी खरा उपाय सांग.

तुझा,
चनबसप्पा


रेल्वे क्वार्टर्स, कुर्डुवाडी
११ डिसेंबर १९७७

ती. दाजी,

मीटरची परीक्षा सोपी आहे. चावी डीसीवर ठेवून जीपची बॅटरी मोजा, बारा-साडेबारा दाखवेल. दाखवलं तर मीटर शहाणं आहे. रेल्वेबद्दल जे लिहिलंत ते मी महिपतीला वाचून दाखवलं. पुढच्या वेळी तो चहाबरोबर भजीही मागणार आहे.

एक करून बघा. पूर्वीसारख्या जागा घ्या. तुम्ही जीपपाशी, गेन वीसच्या ठिपक्यावर, आणि अक्काला कोपऱ्यावर उभी करा. ती काय सांगते ते बघू. कधी कधी वाऱ्याच्या दिशेनं फरक पडतो, ठेल्याच्या पत्र्यानंही पडतो. दुसऱ्या माणसानं ऐकलेलं बरं असतं.

बाकी काही नाही. थंडी पडली आहे, कान बांधून फिरत जा.

तुमचा,
ईरप्पा


भवानी पेठ, सोलापूर
१५ डिसेंबर १९७७

चि. ईरू,

हे पत्र लिहिल्याचं तुझ्या दाजींना माहीत नाही. उत्तर शेजारच्या म्हाळसाबाईच्या पत्त्यावर धाड, ती आणून देईल. मी कानडी शाळेत चौथीपर्यंतच शिकले, मराठी लिहायला यांनीच शिकवलं, तेव्हा चुकलेलं सांभाळून घे.

तुझं पत्र यांनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं. बॅटरी मोजली, ती बारा भरली. तेव्हापासून यांचा चेहरा उतरला आहे. मला कोपऱ्यावर उभी राहा म्हणाले तर मी पाय मुरगळल्याचं सांगितलं. पाय चांगला आहे.

ईरू, यांना ऐकू येत नाही. तू दिवाळीत ओळखलंस, मला ठाऊक आहे. रेडिओ एवढा मोठा लावला तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस आणि मी पोळपाटाकडे बघितलं. दोन वर्षं झाली. आधी दारावरची हाक ऐकू येईना, मग माझं बोलणं. हे म्हणतात मी हळू बोलते. मी हो म्हणते.

जागा बदलल्या त्या पहिल्या दिवशी हे कोपऱ्यावर उभे राहिले. मी नेहमीच्या ठिपक्यापर्यंत बटण नेलं आणि वर बघितलं. हे नुसते जीपकडे बघत उभे होते. रस्ता चुकलेल्या माणसासारखं तोंड झालं होतं यांचं. मला बघवेना. मी बटण थोडं वाढवलं, तरी नाही. आणखी वाढवलं. मग एकदम यांनी हात वर केला आणि तोंडावर असं हसू आलं की मला वाटलं, जाऊ दे, एवढ्यानं काय होतं. तेव्हापासून दर वेळी हात वर जाईपर्यंत मी वाढवत राहते. दर वेळी ठिपका थोडा पुढे जातो. आवाज फाटतो हे मला ऐकू येतं. निंगव्वा म्हातारी कर्ण्याखाली बसली होती तेव्हा मीही जीपमध्येच होते. तीन युनिटं मी जाळली आहेत, यांनी नाही.

हा माणूस आवाजावर जगला. दुसरं काही यांना येत नाही आणि आवडतही नाही. आपल्याला ऐकू येत नाही हे कळलं तर हे जीपला हात लावणार नाहीत. दारात बसून राहतील. मला तेवढंच भय आहे.

म्हणून एक मागते. मीटर बिघडलं होतं असं यांना लिही आणि परत मागवून घे. बहिणीसाठी एवढं खोटं लिही. जत्रेचं काय ते मी बघते.

तुझी अक्का,
सावित्री


रेल्वे क्वार्टर्स, कुर्डुवाडी
१९ डिसेंबर १९७७

अक्का,

तुझं पत्र वाचून मी कारखान्यात गेलोच नाही. पडून राहिलो. एवढं मोठं ओझं दोन वर्षं एकटीनं वाहिलंस आणि मी दिवाळीत येऊन लाडू खाऊन परत गेलो.

तू मागितलेलं मला देता येत नाही. पाच वेळा लिहायला बसलो आणि पाच वेळा कागद फाडला. घरात दोघांनी एकमेकांसाठी काही झाकून ठेवलं तर मला काही म्हणायचं नाही. पण जत्रेत नावं पुकारायची असतात. वळसंगच्या निंगव्वाचा मुलगा दुपारभर बाजारात आईला शोधत फिरला, ही गोष्ट दाजींनी हसण्यावारी नेली होती. मीटर खोटं आहे असं मी लिहिलं, तर उद्या जे कुणी चुकेल त्याला मी चुकलेलंच ठेवलं असं होईल.

आता माझं ऐक. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. माझा डावा कान गेला आहे. बॉयलरला रिव्हेट ठोकणाऱ्यांच्या शेजारी सात वर्षं काढली, त्यात गेला. मोटरचं बेअरिंग खराब आहे का हे फिटर स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ऐकतो. मला ते जमेना तेव्हा मी घाबरलो. नोकरी जाईल म्हणून गप्प राहिलो आणि मीटर चालवायला शिकलो. आज साहेब अवघड मोटर माझ्याकडेच धाडतात. त्यांना वाटतं मी फार शिकलेला आहे. माझी बायको डावीकडे झोपते आणि सगळ्यांना सांगते की आमचे हे फार शांत स्वभावाचे आहेत.

तेव्हा कान गेला म्हणून माणूस दारात बसतो असं नाही. पण मी सांगितलं तर दाजींना लागेल, मेहुणा अक्कल शिकवतो असं वाटेल. तू सांग. माझ्या कानाचंही सांगून टाक, हवं तर त्याच्यावरून हसू देत त्यांना. ८ तारखेआधी सांग. एवढं केलंस तर मी जत्रेला येईन, आणि तुला काही बोलायचं असेल ते माझ्या उजव्या बाजूनं बोल.

तुझा,
ईरू


भवानी पेठ, सोलापूर
९ जानेवारी १९७८

प्रिय ईरप्पा,

आशीर्वाद, आणि या वेळी मनापासून. म्हाळसाबाईच्या पत्त्यावर आलेलं तुझं पत्र मी वाचलं. सावित्रीनंच दिलं, पण आधी सगळं सांगून मग दिलं. कसं सांगितलं ते ऐक, कारण असं कुठल्या घरात झालं नसेल.

ऐकू न येणाऱ्या नवऱ्याला गुपित सांगायचं म्हणजे मोठ्यानं बोलावं लागतं, आणि मोठ्यानं बोललं की भवानी पेठेत ते गुपित राहत नाही. आठ दिवस ती तोंड उघडायची आणि मिटायची. मला वाटलं दात दुखतो. मग गेल्या सोमवारी म्हणाली, जीप काढा, कंबर तलावाकडे मोकळ्यावर जाऊ, आवाज लावून बघायचा आहे. तिथे पोचल्यावर तिनं मला कर्ण्यासमोर पंधरा पावलांवर उभं केलं. गेन तुझ्या वीसच्या ठिपक्यावर ठेवला. आणि वीस वर्षांत जिनं माइकला हात लावला नव्हता, त्या बाईनं माइक तोंडाशी धरला.

"तुमाला ऐकू येत न्हाय," म्हणाली. "दोन वर्सं झाली. मला ठाव हाय. तुमचा हात वर जाईस्तवर बटन मीच वाढवीत हुते. युनिटं मी जाळली, तुमी न्हाय."

शब्दन् शब्द कळला मला. पंधरा पावलांवरून, वीस व्होल्टवर, एकही शेंडा तुटलेला नव्हता. दोन वर्षांत बायकोचं इतकं स्वच्छ बोलणं मी ऐकलं नव्हतं. ईरप्पा, तिचा आवाज अजून तसाच आहे रे. मी विसरूनच गेलो होतो.

मग ती रडायला लागली आणि तेही कर्ण्यातून येऊ लागलं. मी जीपपाशी गेलो आणि तिच्या हातातला माइक घेतला. ती हातभर अंतरावर होती, पण मीही माइकवरच बोललो, कारण मला माझंही ऐकायचं होतं. "मलाबी ठाव हाय," म्हटलं. "कोपऱ्यावर मला कधीच काय ऐकू आलं न्हाय. बिरप्पानं कानात बोटं घातली की मी हात वर करायचो."

हे खरं आहे. जागा बदलल्या तेव्हाच कान गेल्याचं मला कळलं होतं. कोपऱ्यावरून तिनं मारलेली 'बास'ची हाक मला ऐकू येईना, ते तिला कळू नये म्हणून मी कोपरा घेतला. ती बटण वाढवायची आणि मी तिरक्या नजरेनं ठेल्याकडे बघत राहायचो. बिरप्पा वैतागून कानात बोटं घालायचा, तेव्हा मी समजायचो की आवाज पुरेसा झाला. हात वर केला की तिच्या तोंडावर हसू यायचं, आणि मला वाटायचं, हिला अजून कळलेलं नाही. दोन वर्षं सोलापूरचा आवाज एका पानवाल्याच्या बोटांवर चालला होता. तुझं मीटर वीसवर असताना बिरप्पा चुना लावत बसला, म्हणून मी तुझ्या मीटरला नावं ठेवली. माझ्या कानाला ठेवायचा धीर नव्हता. निंगव्वाला बहिरी म्हटलं ते तर मला आता आठवलं तरी लाज वाटते.

आम्ही दोघं जीपच्या पायरीवर बसून आधी रडलो आणि मग हसलो. माइक चालूच होता. पेरूच्या बागेतला माणूस काठी घेऊन विचारायला आला की ही कुठल्या सिनेमाची जाहिरात.

काल परीक्षा झाली. मी मंडळींना आधीच सांगितलं की माझे कान गेले आहेत, बायको शेजारी बसेल, चुकलेल्या माणसाचं नाव-गाव ती ऐकेल, मला कानाशी सांगेल आणि मी पुकारीन. आवाज किती सोडायचा ते मीटर सांगेल. एकदोघं हसले. मग त्यांनी मैदानाच्या टोकाला एकाला कागद-पेन्सिल देऊन उभं केलं आणि आम्हा दोन्ही पार्ट्यांना दहा-दहा नावं पुकारायला दिली. अकलूजच्या पार्टीचा आवाज माझ्यापेक्षा मोठा होता, त्या माणसानं सहा नावं लिहून घेतली. माझी नऊ लिहिली. दहावं नाव त्याच्या व्याह्याचं होतं, ते त्यानं मुद्दाम लिहिलं नाही. काम आपल्याला मिळालं.

पण मनातलं सांगतो. पुकारताना मला काही ऐकू येत नाही. शब्द तोंडातून निघतो आणि पुढे कुठे जातो ते कळत नाही. काटा वीसवर दिसतो, पण काटा म्हणजे काही माणूस नव्हे. हात सारखा बटणाकडे जातो. चार दिवस जत्रेत मी तो आवरीन की नाही, याची मलाच खात्री नाही.

रविवारी ये. उजवी बाजू तुझ्या बहिणीसाठी रिकामी ठेव.

तुझा,
चनबसप्पा


रेल्वे क्वार्टर्स, कुर्डुवाडी
१९ जानेवारी १९७८

ती. दाजी आणि अक्का,

दोघांना एकाच कागदावर नमस्कार, आता तुम्ही एकमेकांपासून पत्रं लपवत नाही म्हणून. सुखरूप पोचलो. बघा, यंदा कार्ड नाही, पत्रच लिहिलं.

रविवारी संध्याकाळी उशीर केला म्हणून दोघांनी मला बोलून घेतलं. गर्दीत अडकलो, असं मी तेव्हा म्हणालो. ते खोटं होतं, आणि या घरात आता खोटं चालत नाही, म्हणून खरं लिहितो.

मी पाळण्यांच्या पलीकडे, भांड्यांच्या दुकानापाशी होतो. गाडीची वेळ होत आली होती आणि निरोप घ्यायला मी जीपकडे निघणारच होतो. तेवढ्यात अक्काचा आवाज आला. दाजींनी माइक तिच्या हातात दिला असणार. "कुर्डुवाडीचे ईरप्पा, भवानी पेठेतली तुमची अक्का जीपपाशी वाट बघतीय, या." मराठीत, मग कानडीत. एवढा गोंगाट, पाळण्यांची करकर, त्यात माझा एकच कान, तरी शब्दन् शब्द पोचला. दुकानदारानंसुद्धा मान वर केली आणि विचारलं, "तुमीच का हो ईरप्पा?"

तरी मी गेलो नाही. तिथून दुकानाच्या कडेनं जीप दिसत होती. तुम्ही दुसऱ्यांदा पुकारायला लावलंत, मग तिसऱ्यांदा. दाजी, तरी मी येत नाही हे दिसल्यावर झालेला तुमचा चेहरा मी पाहिला. आवाज पोचत नाही असं तुम्हाला वाटलं. तुमचा हात बटणाकडे गेला. तुम्ही बटण धरलंत, काट्याकडे बघितलंत, बराच वेळ बघितलंत, आणि हात काढून मांडीवर ठेवलात. मग अक्काला खूण केलीत की पुन्हा म्हण.

तुम्हाला तेवढा वेळ घोर लावला याची माफी मागतो. पण मी तुमची परीक्षा घेत नव्हतो. पहिल्या हाकेलाच निघायचं होतं मला. पाय निघाला नाही, एवढंच. आई गेल्यापासून मला कुणी असं नाव घेऊन, सगळ्यांच्या देखत, घरी ये म्हणून हाक मारली नव्हती. ती मला आणखी तीनदा ऐकायची होती.

तुमचा,
ईरप्पा